दहा गिगाबिटच्या तारेवरही फाइल सर्व्हर का रेंगाळतो

नवं कार्ड, नवा स्विच, नव्या केबल. हिशेबाने सेकंदाला १,२५० मेगाबाइटच्या आसपास डेटा जायला हवा. प्रत्यक्षात मोठी फाइल दोनशे-तीनशेवर अडकते आणि बारीक फाइलींचं फोल्डर तर जुन्या गिगाबिटइतकंही पळत नाही. मग केबल बदलून पाहायची, जम्बो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी पॅकेट) चालू करायच्या, पुन्हा बंद करायच्या. नेटवर्क स्टोरेज सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं. पण या दुखण्याला चाळीस वर्षांचा इतिहास आहे, आणि तो माहीत असला तर अंदाजाने चाचपडावं लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. बहुतेक वेळा तार मोकळीच असते. अडतं ते कुणीतरी कुणाची तरी वाट पाहत बसल्यामुळे.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८० च्या दशकाच्या मध्यावर एनएफएस, म्हणजे दुसऱ्या मशीनवरच्या फाइली नेटवर्कवरून वापरायची पद्धत, आणलं. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीच्या, १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मसुद्यात दोन अटी होत्या. एका विनंतीत जास्तीत जास्त ८ किलोबाइट, आणि डेटा खरोखर डिस्कवर उतरल्याशिवाय सर्व्हरने ‘झालं’ म्हणायचं नाही. दुसरी अट फार विचारपूर्वक घातलेली होती. सर्व्हर मध्येच बंद पडला तरी क्लायंटने तीच विनंती पुन्हा पाठवायची, एवढंच. ‘झालं’ म्हटलेला डेटा गमावण्याचा प्रश्नच नाही. मात्र त्याची किंमत भारी होती. एका लिखाणासाठी डेटा, आयनोड (फाइलची नोंद) आणि कधी कधी इनडायरेक्ट ब्लॉक (डेटा कुठे आहे त्याची यादी), अशा तीन जागी डिस्कचं हेड जायचं. प्रत्येक फेरीला १५ मिलिसेकंद धरले तर ८ किलोबाइटला ४५ मिलिसेकंद. एकामागून एक विनंत्या गेल्या तर सेकंदाला दोनशे किलोबाइटसुद्धा होत नाहीत. त्या काळची १० मेगाबिटची इथरनेटही यात भरत नव्हती.

यावर उपाय दोन दिशांनी आले. एक हार्डवेअरचा: बॅटरीच्या आधारावर टिकणाऱ्या मेमरीत आधी लिहायचं, उत्तर द्यायचं आणि डिस्कचं काम मागाहून करायचं. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या नेटॲप या स्टोरेज कंपनीच्या सर्व्हरची रचना याच कल्पनेवर उभी राहिली. दुसरा प्रोटोकॉलचा: १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीने सर्व्हरला लगेच उत्तर देण्याची मुभा दिली आणि डेटा पक्का करून घ्यायला ‘कमिट’ ही वेगळी विनंती दिली.

प्रश्न तिथे मिटला नाही. आजही एनएफएसवर व्हर्च्युअल मशीन ठेवली की ती चालवणारं ईएसएक्सआय प्रत्येक लिखाण पक्कं करून मागतं आणि झेडएफएस या फाइल सिस्टिमचा सर्व्हर डिस्कपाशी थांबतो. कारण हेच आहे का, हे तपासायला चाचणीच्या डेटासेटवर ‘सिंक’ (लिखाण पक्कं झाल्यावरच उत्तर देणं) तात्पुरतं बंद करून पाहावं. वेग एकदम उसळला तर नेटवर्क निर्दोष आहे. मग सेटिंग पूर्ववत करावं आणि लॉगसाठी (पक्कं लिखाण आधी जिथे नोंदलं जातं ती जागा), वीज गेली तरी डेटा राखणारी जलद एसएसडी लावावी. सिंक कायमचं बंद ठेवणं मला अजिबात मान्य नाही; वीज गेली की ‘लिहिलं’ म्हणून सांगितलेला डेटा जातो.

वाट पाहण्याचं दुसरं ठिकाण टीसीपीत, म्हणजे पॅकेट पोचल्याची खात्री करणाऱ्या नियमांत, आहे. १९८१ च्या मूळ मसुद्यात विंडोचा आकडा १६ बिटांचा, म्हणजे पोच न मिळता एका वेळी फार तर ६५,५३५ बाइट वाटेवर. जाऊन-येऊन एक मिलिसेकंद लागत असेल तर तार कितीही जाड असो, सेकंदाला ६५ मेगाबाइटच्या वर जाता येत नाही. १९९२ मध्ये विंडो वाढवण्याची सोय झाली. दहा गिगाबिटला त्याच अंतरावर सव्वा मेगाबाइट वाटेवर असावा लागतो, त्यामुळे बफरच्या मर्यादा आजही तपासाव्या लागतात.

दहा गिगाबिट इथरनेटचं मानक २००२ मध्ये ठरलं. पुढच्याच वर्षी लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेतल्या मंडळींनी इंटेलचं कार्ड साध्या लिनक्स सर्व्हरमध्ये घालून जे केलं, ते या विषयातलं माझं सर्वांत आवडतं काम आहे. जागोजागी मोजत ते पुढे गेले. कार्ड आणि मेमरी जोडणाऱ्या पीसीआय-एक्स बसवर एका दमात ५१२ ऐवजी ४,०९६ बाइट वाचू दिले. विंडो वाढवल्या. फ्रेमचा आकार ९,००० ऐवजी ८,१६० ठेवला, कारण तेवढं पॅकेट कर्नलच्या ८ किलोबाइटच्या मेमरी-तुकड्यात मावतं; ९,००० ला १६ किलोबाइट अडवावे लागतात. या सगळ्यानंतर त्या सर्व्हरवर ४ गिगाबिटचा टप्पा ओलांडला गेला. अडचण मशीनच्या पोटात होती.

जम्बो फ्रेमची लोकप्रियता याच काळातली. १,५०० बाइटच्या फ्रेमने दहा गिगाबिट भरायचं तर सेकंदाला आठ लाखांवर पॅकेट हाताळावी लागतात. ९,००० ने ती १ लाख ३८ हजारांवर येतात. मात्र वाटेतला एक जरी स्विच तयार नसेल तर साधा पिंग (पोचतं का ते पाहणारं छोटं पॅकेट) जातो, फोल्डरची यादी दिसते आणि कॉपी लटकते. म्हणून तुकडे न करण्याच्या अटीसह ८,९७२ बाइटचा पिंग दोन्ही बाजूंनी मारून पाहावा.

अनेक सर्व्हरवर डेटा वाटून ठेवणाऱ्या क्लस्टर स्टोरेजमध्ये आणखी एक विचित्र प्रकार दिसला. अनेक सर्व्हर एकाच क्लायंटला एकाच क्षणी उत्तर देतात, स्विचचा छोटा बफर भरतो, पॅकेट गळतात आणि टीसीपी किमान २०० मिलिसेकंद गप्प बसते. दहा गिगाबिटवर तेवढ्यात २५० मेगाबाइट गेले असते. या ‘इनकास्ट’चं सविस्तर मोजमाप कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी २००८ मध्ये मांडलं. सरासरी वेग कमी, पण आलेख करवतीसारखा दिसला तर रीट्रान्समिटचे (पॅकेट पुन्हा पाठवल्याचे) काउंटर आधी बघावेत.

दोन केबल जोडून वेग दुप्पट होईल ही आशाही जुनीच. २००० सालच्या लिंक ॲग्रिगेशनमध्ये एक कनेक्शन एकाच केबलवरून जातं. २०१२ मध्ये विंडोजच्या फाइल-शेअरिंगच्या एसएमबी ३ ने आणि २०१९ मध्ये लिनक्सच्या एनएफएसने एकाच शेअरसाठी अनेक कनेक्शनं वापरायची सोय दिली.

तपासाची साधनंही याच इतिहासात घडली. माइक मूस आणि टेरी स्लॅटरी यांचं १९८४ चं टीटीसीपी डिस्कला न शिवता फक्त तार मोजायचं. आयपर्फ त्याच वळणाचं. आधी ते चालवावं, मग सर्व्हरवरच फिओने डिस्क मोजावी, आणि शेअर शेवटी. आयपर्फ ९.४ गिगाबिट दाखवतं, फिओही ठीक आहे आणि तरीही बारीक फाइली रेंगाळतात, तर प्रत्येक फाइल उघडणं, बनवणं, लिहिणं, बंद करणं यांच्या फेऱ्या उरतात. त्या फाइली टारने एकत्र बांधून पाठवल्या आणि वेळ झपाट्याने खाली आला, तर दोष फेऱ्यांचाच. तिथे शंभर गिगाबिटचं कार्डही फारसा फरक पाडत नाही.