हरिश्चंद्रगडाला तारे बघायला येताय? आधी तिथी बघा

फोनवर तुमचा पहिला प्रश्न असतो, "या शनिवारी जागा आहे का?" आमचा असतो, "त्या दिवशी तिथी कोणती?" कोजागिरीला हट्टाने आलेला एक ग्रुप मसाला दूध पिऊन परत गेला. चांदणं भरपूर, तारे मोजून पंचवीस.

तेव्हा भिंतीवरची दिनदर्शिका उघडा. वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, म्हणून तिथपासून अमावास्येपर्यंत संध्याकाळपासूनच काळोख मिळतो. शुद्ध चतुर्थीपर्यंतही चालतं, कारण ती कोर जेवणं आटपेपर्यंत मावळते. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मेअखेरीस काजव्यांसाठी या भागात गर्दी होते, पण तेव्हा आभाळात वळवाचे ढग असतात. काजवे आणि तारे एकाच सहलीत दाखवू, असं आम्ही कबूल करत नाही.

मुक्काम गडाच्या पायथ्याच्या पाचनई गावात, गडावर नाही. यावर बरेच जण नाराज होतात, पण आम्ही बदलणार नाही. गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथे वनखात्याचे नियम चालतात, आणि रात्र ही बिबट्यांची वेळ. शिवाय गडाचा पश्चिमेकडचा उभा कडा, म्हणजे कोकणकडा, पोटात वळलेला आहे. काठावर उभं राहिलं तरी खालची भिंत दिसत नाही. आभाळाकडे मान करून चालणाऱ्यांना ही जागा नको. गावात घरामागच्या खाचरात तंबू लागतात, भात कापून झालेला असतो. जेवणाला पिठलं-भाकरी, ठेचा. जेवणं झाली की यजमान अंगणातला बल्ब मालवतात.

त्यानंतर मोबाईल खिशात. काळोखाला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एकदा स्क्रीन बघितली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. टॉर्चला लाल जिलेटिन कागद आम्ही देतो. शेकोटी मागू नका. ती तारे पुसते आणि वाळलेल्या गवताला धोका.

जानेवारीअखेरीस रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिणेला तोंड करा. डोक्यावरून खाली येताना मृग नक्षत्र, मग झगझगीत व्याधाचा तारा आणि त्याच्याही खाली, हात ताठ धरून मोजल्यास क्षितिजापासून दोन मुठींच्या आत, अगस्तीचा तारा. आता मागे वळा: उत्तरेला ध्रुवही जवळपास तेवढ्याच उंचीवर. गडाचा अक्षांश सुमारे १९.४, म्हणून ध्रुव क्षितिजापासून तेवढेच अंश वर. एकाच जागी उभं राहून दोघांना असं समोरासमोर बघणं आम्हाला दुर्बिणीपेक्षा जास्त आवडतं. अर्थात दुर्बीणही असते. मात्र मृगातला तेजोमेघ तिच्यातून फोटोसारखा गुलाबी दिसत नाही, करड्या धुरासारखा दिसतो. आधीच सांगितलेलं बरं. १३-१४ डिसेंबरची रात्र मिथुन राशीतल्या उल्कांची. त्या वेळी दुर्बीण नको, सतरंजीवर आडवं पडा.

गड चढायचा पहाटे, उजाडताना. पाचनईची वाट सर्वांत सोपी, रमतगमत दोन-अडीच तास. खिरेश्वरहून तोलार खिंडीची वाट लांब, आणि नळीच्या अवघड वाटेने आम्ही नवख्यांना नेत नाही, कितीही आग्रह केलात तरी. वर हरिश्चंद्रेश्वराचं कोरीव मंदिर आहे. शेजारच्या केदारेश्वराच्या गुहेत लिंगाभोवती चार खांब होते, आता एकच शाबूत. गुहेत साचलेलं पाणी हाडं गोठवणारं. उतरायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. कोकणकड्यावर सकाळी ऊन पाठीशी आणि दरीत धुकं असेल, तर आपल्याच सावलीभोवती गोल इंद्रधनुष्य पडतं. त्याला इंद्रवज्र म्हणतात. पावसाळा सरतानाच्या दिवसांत याची शक्यता जास्त. हिवाळ्यात नशीब लागतं.

सोबत कानटोपी, जाड मोजे, एक जादा स्वेटर. दंव इतकं पडतं की तंबू सकाळी पिळून घ्यावा लागतो, म्हणून बूट बाहेर ठेवू नका. स्पीकर घरी ठेवा. प्लॅस्टिक आणलंत तर तुमच्याच सॅकमधून परत जाईल. वनखात्याच्या प्रवेशाची पावती वेगळी फाडावी लागते, ती आमच्या दरात धरलेली नाही.

आभाळ भरून आलं तर? चढाई होतेच. दुर्बिणीचे पैसे मात्र आम्ही सकाळच्या चहाच्या वेळीच परत करतो.