मूल्यवर्धित कर

मूल्यवर्धित कर : कच्च्या मालापासून शेवटच्या ग्राहकापर्यंत येताना वस्तूच्या किंवा सेवेच्या मूल्यात प्रत्येक हाती जी भर पडते, त्या भरीवर आकारला जाणारा अप्रत्यक्ष कर. बोलीत याला सर्रास ‘व्हॅट’ म्हणतात. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, भारत अशा देशांत तो ‘वस्तू व सेवा कर’ म्हणून ओळखला जातो, तर जपानमध्ये ‘उपभोग कर’ म्हणून. नावे निराळी असली तरी कणा एकच आहे. विक्रीवर घेतलेल्या करातून खरेदीवर दिलेला कर वजा करायचा आणि उरलेली रक्कम सरकारजमा करायची. या वजावटीला ‘इनपुट क्रेडिट’ म्हणतात. व्यापाऱ्यांच्या तोंडी ‘सेट-ऑफ’ हा शब्दही आहे. या कराबद्दलचे बहुतेक गैरसमज वजावट नीट न उमगल्यामुळे होतात, दरामुळे फारसे होत नाहीत.

उगम : पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास जर्मन उद्योगपती विल्हेल्म फॉन सीमेन्स यांनी अशा कराची कल्पना मांडली होती. ती प्रत्यक्षात आणली फ्रान्समधील कर प्रशासक मोरिस लोरे यांनी. 10 एप्रिल 1954 च्या कायद्याने तिथे हा कर सुरू झाला आणि 1968 मध्ये तो किरकोळ विक्रीपर्यंत पोहोचला. डेन्मार्कने 1967 मध्ये, जर्मनीने 1968 मध्ये, तर ब्रिटनने 1 एप्रिल 1973 रोजी तो लागू केला. भारतात बहुतेक राज्यांत 1 एप्रिल 2005 पासून विक्रीकराच्या जागी व्हॅट आला. 1 जुलै 2017 रोजी त्याचा मोठा भाग वस्तू व सेवा करात विलीन झाला. पेट्रोल, डिझेल आणि मद्य यांवर राज्यांचा व्हॅट राहिला. आज 170 हून अधिक देशांत हा कर कोणत्या ना कोणत्या रूपात आहे. राष्ट्रीय पातळीवर तो न स्वीकारलेला सर्वांत मोठा देश म्हणजे अमेरिका; तिथे राज्यांचा विक्रीकर चालतो.

साखळीचे गणित : कर 10 टक्के आहे असे धरू. लाकूड विकणारा सुताराला 200 चे लाकूड देतो, त्यावर 20 कर लावतो आणि ते 20 भरतो. सुतार टेबल करून दुकानदाराला 500 ला विकतो आणि 50 कर घेतो. त्यातून लाकडावर दिलेले 20 वजा करून तो 30 भरतो. दुकानदार तेच टेबल ग्राहकाला 800 ला विकतो, 80 कर घेतो, 50 वजा करतो आणि 30 भरतो. सरकारकडे 20, 30 आणि 30 मिळून 80 जमा झाले, म्हणजे अंतिम किमतीच्या बरोबर 10 टक्के. ग्राहकाने दिले 880.

आता वजावट नसलेला जुन्या पद्धतीचा उलाढाल कर इथे लावून पाहा. लाकूड 220 ला पडते. सुतार त्यावर 300 ची भर घालून 520 वर 52 कर लावतो. दुकानदाराला टेबल 572 ला पडते. तो 300 मिळवून 872 वर 87.20 कर लावतो. ग्राहकाच्या बिलावर 959.20 येतात आणि त्यांतले 159.20 कराचे असतात. दर तोच, पण करावर कर चढत गेला. हात जितके जास्त तितका कर जास्त, म्हणून मोठ्या कंपन्या सगळे टप्पे आपल्याच छताखाली आणत आणि छोटा सुतार साखळीबाहेर फेकला जाई. हा दोष काढणे, हे व्हॅटचे खरे काम.

ग्राहकाचा हिशोब : नोंदणी असलेल्या धंद्याला खरेदीवरचा कर परत मिळतो, म्हणून तो त्याचा खर्च नसतो. ग्राहकाला वजावट नसते. साखळीभर फिरलेला सगळा भार शेवटी त्याच्यावर येऊन थांबतो. गरीब कुटुंबाच्या उत्पन्नातला मोठा वाटा खर्चातच जातो, त्यामुळे हा कर त्याला अधिक जाचतो, ही यावरची जुनी आणि रास्त टीका आहे. म्हणूनच बऱ्याच देशांत गरजेच्या वस्तूंना कमी दर किंवा शून्य दर असतो. युरोपीय संघात प्रमाण दर 15 टक्क्यांच्या खाली नेता येत नाही. हंगेरीचा 27 टक्के दर तिथे सर्वाधिक आहे.

करपूर्व किमतीवर कर काढणे सोपे. चूक होते ती करासहित किमतीतून कर वेगळा काढताना. दर 20 टक्के आणि किंमत करासहित 1,200 असेल, तर पुष्कळ जण 1,200 चे 20 टक्के काढून 240 सांगतात. खरा कर 200 आहे, कारण 20 टक्के मूळ 1,000 वर लागले होते. करासहित किमतीला दराने गुणायचे आणि 100 अधिक दर या संख्येने भागायचे, हा त्याचा नियम. यातून पाठ करण्याजोगे अपूर्णांक निघतात. 25 टक्के दराला किमतीचा पाचवा भाग, 20 ला सहावा, 10 ला अकरावा, 5 ला एकविसावा भाग हा कर असतो.

‘आज व्हॅट माफ’ अशा जाहिरातीकडे याच नजरेने पाहावे. कर माफ करणे दुकानदाराच्या हाती नसते. तो देतो ती साधी सूट. 20 टक्के दर असताना 1,200 ची वस्तू 1,000 ला मिळाली, तर सूट 20 टक्के नव्हे, पावणेसतरा टक्क्यांच्याही किंचित खाली असते, आणि त्या 1,000 मधूनही दुकानदाराला सहावा भाग कर भरावाच लागतो. तसेच 10 टक्के सूट आणि 10 टक्के कर एकमेकांना फेडत नाहीत. 1,000 वर दोन्ही लावले की 990 होतात. आधी सूट धरा की आधी कर, उत्तर बदलत नाही.

लहान व्यवसाय : ठरावीक उलाढालीखालच्या धंद्यांना बहुतेक देश नोंदणी सक्तीची करत नाहीत. ही मर्यादा ब्रिटनमध्ये एप्रिल 2024 पासून 90,000 पौंड, ऑस्ट्रेलियात 75,000 डॉलर, तर न्यूझीलंडमध्ये 60,000 डॉलर आहे. मर्यादा नफ्यावर नसून उलाढालीवर असते, हे अनेकांच्या उशिरा ध्यानात येते. शिवाय ब्रिटनसारख्या ठिकाणी आर्थिक वर्षाची नव्हे, तर मागच्या सलग 12 महिन्यांची बेरीज पाहतात, त्यामुळे ती कोणत्याही महिन्यात ओलांडली जाऊ शकते.

मर्यादा ओलांडली त्या दिवसाचे गणित कडू असते. घरगुती ग्राहकांना 1,000 ला सेवा देणारा कारागीर दर न वाढवता नोंदणीकृत झाला आणि कर 20 टक्के असेल, तर त्याच 1,000 मधून 166.67 कराचे जातात आणि हाती 833.33 राहतात. खरेदी फारशी नसेल तर वजावटीचाही आधार नाही. उलट ज्याचे गिऱ्हाईक नोंदणीकृत कंपन्या आहेत, त्याने मर्यादेखाली असूनही स्वेच्छेने नोंदणी केलेली बरी. गिऱ्हाइकाला तो कर परत मिळतो, त्यामुळे दर चढा वाटत नाही, आणि आपल्याला यंत्रे, माल, भाडे यांवरच्या कराची वजावट मिळते.

‘शून्य दर’ आणि ‘करमाफी’ ही जोडी फसवी आहे. दोन्हींत ग्राहकाच्या बिलावर कर दिसत नाही. पण शून्य दराच्या विक्रेत्याला खरेदीवरचा कर परत मिळतो, करमाफीच्या विक्रेत्याला मिळत नाही. निर्यात शून्य दराची असते, ती माल देशाबाहेर करमुक्त जावा म्हणून. माफी कुठे दिली यावरही बरेच अवलंबून असते. वरच्या उदाहरणातला दुकानदार माफीत असता तर टेबल 850 ला मिळाले असते. पण माफी सुताराला दिली, तर लाकडावरचे 20 त्याच्या किमतीत मुरतात. तो टेबल 520 ला देतो, दुकानदाराला वजावट शून्य, 820 वर 82 कर, आणि ग्राहक 902 मोजतो. साखळीच्या मध्ये दिलेली सवलत अशी उलटी फिरते. करमाफी म्हणजे नेहमी स्वस्ताई, असे समजणाऱ्याने हा आकडा एकदा स्वतः मांडून पाहावा.

बिल आणि रोकड : सगळा डोलारा पक्क्या बिलावर उभा असतो. विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक, तारीख, करपूर्व रक्कम, दर आणि कर हे त्यावर नसेल, तर वजावट नाकारली जाऊ शकते. कच्च्या बिलावर घेतलेला माल स्वस्त वाटतो, पण नोंदणीकृत धंद्याला तो पुष्कळदा महागच पडतो. खासगी वापराच्या खरेदीवर वजावट नसते. प्रवासी मोटार आणि पाहुणचार यांवरची वजावटही बऱ्याच देशांत बंद किंवा मर्यादित आहे.

दुसरी अडचण उधारीची. साधारणपणे बिल फाडले की कर देय होतो, पैसे येवोत वा न येवोत. गिऱ्हाइकाने तीन महिने लटकवले, तर तोवरचा कर पदरमोड करून भरावा लागतो. म्हणून काही देश लहान धंद्यांना रोख तत्त्वावर, म्हणजे पैसे हाती आल्यावर, कर मोजण्याची मुभा देतात. कुठे वजावट सोडून उलाढालीवर एकच सोपा दर भरण्याची योजनाही असते. वसूल केलेला कर वेगळ्या खात्यात ठेवण्याची सवय असलेला दुकानदार विवरणपत्राच्या आठवड्यात निवांत असतो. बाकीच्यांना तो पैसा आपलाच वाटलेला असतो आणि मालात गुंतलेला असतो.

गैरव्यवहार : वजावट हेच या कराचे बळ आणि तेच त्याचे मर्मस्थान. गिऱ्हाइकाकडून कर घेऊन विक्रेता बेपत्ता होतो, आणि गिऱ्हाईक मात्र कधीच न भरलेल्या त्या कराची वजावट किंवा परतावा मागतो. युरोपात तोच माल सीमा ओलांडून चक्राकार फिरवत हा डाव वारंवार खेळला गेला. त्यावर इटलीने 2019 पासून धंद्याधंद्यांमधील बिले सरकारी संगणक प्रणालीतून पाठवणे सक्तीचे केले. दुसरा उपाय उलट आकारणीचा. यात विक्रेता बिलावर कर घेतच नाही. खरेदीदार स्वतःच तो विवरणपत्रात देय म्हणून दाखवतो आणि त्याच वेळी वजावटही घेतो. पळवून नेण्यासाठी कोणाच्या हाती रोकड उरत नाही. ब्रिटनने 1 मार्च 2021 पासून बांधकामातील अनेक व्यवहारांना ही पद्धत लावली. तेव्हा प्रामाणिक छोट्या कंत्राटदारांच्या हातचेही काहीतरी गेले : कर भरण्याच्या तारखेपर्यंत वापरायला मिळणारी बिनव्याजी रक्कम.