मुरमाच्या रस्त्याची पारख

मुरमाचा किंवा खडीचा रस्ता एका जोरदार पावसात खड्ड्यांनी भरतो आणि ग्रेडर फिरला की त्याच दिवशी सपाट दिसू लागतो, त्यामुळे नुसता पृष्ठभाग पाहून त्याच्याविषयी मत बनवणे फसवे ठरते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात तयार झालेल्या ‘पेसर’ या पद्धतीत अशा रस्त्याला १ ते ५ असे गुण देताना खड्ड्यांपेक्षा मधला उंचवटा, पाण्याचा निचरा आणि थराची जाडी या गोष्टींना अधिक महत्त्व दिले जाते. आपल्याकडच्या पाणंद रस्त्यांनाही हीच कसोटी लावली पाहिजे, असे माझे मत आहे.

रस्त्याच्या मध्यापासून दोन्ही कडांकडे साधारण ४ टक्के उतार लागतो; म्हणजे ३.७५ मीटर रुंद रस्त्याचा मध्य कडेपेक्षा सुमारे साडेसात सेंटिमीटर उंच हवा. हे तपासायला दोरी, लेव्हल ट्यूब (समान पातळी दाखवणारी पाणी भरलेली नळी) आणि मोजपट्टी पुरते. चाकोऱ्या पडून हा उतार मोडला की पाणी रस्त्यातच साचते, मुरमाला बांधून ठेवणारे बारीक कण सैल होतात, चाके ते चिखलाबरोबर बाहेर उडवतात आणि खड्डा खोल होत जातो. उतार न दुरुस्त करता अशा खड्ड्यात दरवर्षी मुरूम ओतला, तर तो पुढच्या पावसाळ्यात वाहून जातो आणि खर्च वाया जातो.

काळ्या जमिनीत अडचण आणखी मोठी असते. ही माती पाणी शोषून फुगते आणि मऊ पडते, मग वाहनांच्या भाराने मुरूम तिच्यात रुतत जातो. वरून रस्ता ठीक दिसत असला तरी ठिकठिकाणी लहान खड्डे खणून थर किती उरला आहे, हे मोजूनच पाहावे लागते.

कोरड्या दिवसांत रस्त्यावर आडव्या लाटा उमटतात. त्यांचा दोष गाडीच्या स्प्रिंगांना दिला जातो. परंतु ताबेर्ले, मॉरिस आणि मॅकएल्वेन या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात फिरत्या वाळूवर टेकवलेल्या साध्या चाकाखालीही, वेग एका मर्यादेपलीकडे गेल्यावर, तशाच लाटा तयार झाल्या. त्या मर्यादेखाली पृष्ठभाग सपाटच राहिला. प्रत्यक्ष रस्त्यावर बारीक कण धुळीच्या रूपाने उडून गेले की उरलेली सुटी खडी अधिक सहज सरकते. लाटांच्या खळग्यांत माल भरून भागत नाही. खळग्याच्या तळापर्यंत थर खरवडून, पुरेशा बारीक मातीसह पुन्हा मिसळून, उतार देऊन रोलरने दबाई करावी लागते.

दबाईला ओल हवी असते. म्हणून हे काम मार्चअखेरीच्या धुळीत उरकण्यापेक्षा पावसाळा सरताच, जमिनीत ओल असताना करणे शहाणपणाचे आहे. बाजूचे चर आणि मोऱ्या मात्र जूनच्या आधीच मोकळ्या झालेल्या असाव्यात.