लोखंडी पाइपातल्या केबलचं गणित

अनुभवी वायरमन फेजची तार एका लोखंडी पाइपातून आणि न्यूट्रलची दुसऱ्या पाइपातून कधीच नेत नाही. जाणारी आणि परतणारी तार एकाच पाइपात हवी. मोठ्या पॅनेलमध्ये सिंगल-कोअर केबल घेतानाही ग्लँड प्लेट (केबली पॅनेलमध्ये जिथून शिरतात तो पत्रा) लोखंडी न ठेवता अ‍ॅल्युमिनियमची बसवतात. हे पथ्य मोडलं तर लोखंड हाताला चटका बसेल इतकं तापू शकतं, आणि तेही पुरवठ्याच्या तारेला त्याचा कुठे स्पर्शही नसताना.

एसी, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या प्रवाहाभोवतीचं चुंबकीय क्षेत्र सतत उलटसुलट होत असतं. लोखंड ते स्वतःत ओढून घेतं आणि दर सेकंदाला 50 वेळा त्याला या टोकाकडून त्या टोकाकडे आणि परत असं चुंबकित व्हावं लागतं. त्यात ऊर्जा खर्च होते. शिवाय पाइपाच्या भिंतीत भोवरे प्रवाह, म्हणजे धातूतच गोल फिरणारे प्रवाह उठतात. दोन्ही तारा शेजारी असल्या तर त्यांची क्षेत्रं बाहेर बरीचशी एकमेकांना खोडतात. बरीचशी, पूर्ण नाही. जे उरतं, तेच केबलच्या इम्पिडन्समध्ये शिरतं.

इम्पिडन्स म्हणजे एसी प्रवाहाला होणारा एकूण अडथळा. त्याचे दोन भाग : उष्णता निर्माण करणारा रेझिस्टन्स आणि चुंबकीय क्षेत्रामुळे येणारा रिअ‍ॅक्टन्स. अमेरिकेच्या वायरिंग संहितेतल्या तक्त्यात सुमारे 253 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारांचा रिअ‍ॅक्टन्स पीव्हीसी पाइपात हजार फुटांना 0.039 ओहम आहे. त्याच तारा स्टीलच्या पाइपात घातल्या की 0.048. रेझिस्टन्सचे आकडे मला त्याहून बोलके वाटतात : पीव्हीसीत 0.027, स्टीलमध्ये 0.029 आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपात चक्क 0.032. अ‍ॅल्युमिनियम चुंबकित होत नाही म्हणून रिअ‍ॅक्टन्स वाढवत नाही, पण भोवरे प्रवाहांना मात्र मोकळी वाट देतं.

खरा कस लागतो तो न्यूयॉर्कसारख्या शहरांच्या रस्त्यांखाली. तिथे 138 आणि 345 किलोव्होल्टच्या कागदी इन्सुलेशनच्या तीन केबली एकाच स्टीलच्या पाइपात ओढतात आणि पाइप तेलाने भरून वातावरणाच्या सुमारे 14 पट दाबाखाली ठेवतात. केबली पाइपाच्या मध्यावर नसतात, तळाशी पडलेल्या असतात. कुठे तिन्हींचा त्रिकोण होतो, तर कुठे त्या पाळण्यासारख्या पसरतात. एकदा पाइप बंद झाला की कोणती मांडणी कुठे आहे ते दिसत नाही. म्हणून दोन्ही धरून गणित करावं लागतं.

1957 मध्ये नेहर आणि मॅकग्रा या इंजिनिअरांनी केबलच्या तापमानवाढीवर जो निबंध लिहिला, त्यात पाइपाचा हिशोब एका गुणकाने सोडवला. प्रवाह तारेच्या पृष्ठभागाकडे सरकल्याने आणि शेजारच्या तारांच्या प्रभावाने रेझिस्टन्समध्ये जी वाढ होते, तिला पाइपातल्या केबलसाठी 1.7 ने गुणायचं. आंतरराष्ट्रीय मानकात हाच गुणक 1.5 आहे. एका साध्या गुणकात एवढा फरक पडावा, यावरूनच स्टील हिशोबाला किती अवघड आहे ते कळतं.

अवघड का? तांब्याचा रेझिस्टन्स त्यातून किती प्रवाह जातोय हे पाहून बदलत नाही, फक्त तापमानाने बदलतो. स्टीलची चुंबकीय पारगम्यता, म्हणजे क्षेत्र स्वतःत ओढून घेण्याची क्षमता, मात्र क्षेत्रावरच अवलंबून असते : आधी वाढते, मग स्टील चुंबकीयदृष्ट्या तृप्त झालं की घसरते. एखाद्या केबलचा अर्थ फॉल्ट झाला, म्हणजे इन्सुलेशन फुटून तार पाइपाशी जोडली गेली की परतीचा बराच प्रवाह पाइपातून, त्याच्या आतल्या पृष्ठभागाच्या जेमतेम एक-दोन मिलिमीटर थरातून धावतो. तो थर किती जाड असेल, हे पारगम्यतेवर ठरतं. पारगम्यता ठरते प्रवाहावर. आणि प्रवाह किती येईल, हे ठरतं इम्पिडन्सवर! म्हणून एक आकडा गृहीत धरायचा, प्रवाह काढायचा, त्यावरून आकडा सुधारायचा, असं उत्तर स्थिरावेपर्यंत चालू ठेवावं लागतं. आज संगणक पाइपाच्या छेदाचे हजारो बारीक तुकडे करून प्रत्येकाचं क्षेत्र वेगळं काढतो, पण त्यालाही हीच फेरी मारावी लागते.

हा इम्पिडन्स लागतो तो डिस्टन्स रिलेला. फॉल्ट झाला की पुरवठा तोडायला लावणारं हे उपकरण व्होल्टेजला प्रवाहाने भागून फॉल्ट किती अंतरावर आहे ते ओळखतं. त्याला दिलेला इम्पिडन्स चुकीचा असेल, तर ते फॉल्ट भलत्याच ठिकाणी समजेल. केबल सुरू करण्याआधी इंजिनिअर चाचणीचा प्रवाह सोडून इम्पिडन्स मोजतातही, पण हा प्रवाह फॉल्टच्या हजारो अ‍ॅम्पिअरपुढे फारच लहान असतो. त्या वेळी मोजलेलं स्टील फॉल्टच्या क्षणी वेगळंच वागतं, आणि रिलेच्या सेटिंगसाठी पुन्हा गणिताकडेच वळावं लागतं.