जुन्या वाईनच्या तळाशी बसलेलं रसायन

जुन्या रेड वाईनच्या बाटलीत तळाशी काळपट गाळ दिसला, की आमच्या इंदुरात जेवायला जमलेल्या मंडळींपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘भेसळ दिसतेय, राहू दे.’’ भेसळ कसली! वाईनचं वय झालंय, एवढंच.

रेड वाईनचा रंग द्राक्षाच्या सालीतल्या अँथोसायनिनचा. जांभळाचा रंगही याच कुळातला. तुरटपणा मात्र टॅनिनचा. ते साल आणि बियांतून येतं, लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि जीभ कोरडी पडते. ताज्या वाईनमध्ये हे दोघे बरेचसे सुटे असतात. त्यांना जुळवतो तो ऑक्सिजन. बुचातून तो मिलिग्रॅममध्ये मोजावा इतकाच झिरपतो. लोहाच्या सूक्ष्म अंशांच्या मदतीने तो आधी फिनॉलांशी (टॅनिनही त्याच कुळातलं) भिडतो, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि त्याच्यामुळे थोड्याशा अल्कोहोलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं. खरी गंमत या दोन कार्बनच्या चिमुकल्या रेणूची. आम्लात त्याच्यावर प्रोटॉन चढतो, तो टॅनिनच्या आठव्या क्रमांकाच्या कार्बनला चिकटतो, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि उरलेला धनभारित कार्बन शेजारचं अँथोसायनिन नाहीतर दुसरं टॅनिन पकडतो. (अ‍ॅसिटाल्डिहाइडच्या या पुलाशिवाय थेटही जुळतात, पण तो भाग इथे सोडतो.) साखळ्या वाढत जातात, फार मोठ्या झाल्या की विरघळलेल्या राहत नाहीत, खाली बसतात. सोबत काही रंगही जातो, म्हणून जांभळट लाल वाईन विटकरी होते. गाळात कधी चकाकणारे कण सापडतात. ती काच नव्हे. द्राक्षातल्याच टार्टरिक आम्लापासून झालेले पोटॅशियम बायटार्ट्रेटचे स्फटिक.

ऑक्सिजनचं हे काम लुई पाश्चरने 1860च्या दशकातच तपासलं होतं. बंद केलेल्या काचनळ्यांपैकी ज्यांत हवा होती त्यांतल्या वाईनचा रंग उतरला, गाळ बसला. काठोकाठ भरलेल्यांत तसं झालं नाही.

चुंबकाने वाईन झटपट ‘मुरवणारी’ उपकरणं विकतात. वरच्या सगळ्या प्रकारात चुंबकाचं काम काय, ते विकणाऱ्याने एकदा दाखवावं. आणि हृदयासाठी म्हणून तर पिऊच नका: द्राक्षाच्या सालीतल्या ज्या रेझव्हेराट्रॉलचा एवढा गाजावाजा, ते लिटरमागे जेमतेम काही मिलिग्रॅम असतं.

पाहुणे येणार असतील तर बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवा. ‘रूम टेंपरेचर’ म्हणतात ते युरोपातल्या गार खोल्यांचं, 16 ते 18 अंश. मे महिन्यात आपल्याकडे दीड-दोन तास फ्रिज हवाच. तिथेही उभीच ठेवा, पण दारात नको. दर वेळी दार उघडलं की गाळ हलतो. ओतताना मानेखाली मोबाइलचा टॉर्च धरा, मध्येच बाटली सरळ न करता एका दमात काचेच्या जगमध्ये ओता, आणि गाळाची काळी रेघ मानेपाशी आली की थांबा. तळची वाईन कडवट, रवाळ लागते. कोवळी वाईन तासभर उघडी ठेवली तर चालतं. फार जुनीचा उरलासुरला सुगंध तेवढ्यात उडून जातो. म्हणून पानं वाढायला घेतली की मगच ओता.