काचेची वाळू आणि बडोदे संस्थान

काच बनवायची वाळू आणि बांधकामाची वाळू यांत डोळ्यांना फारसा फरक दिसत नाही. फरक असतो तो तिच्यातील लोहाच्या अंशात. खिडकीच्या काचेसाठी ०.१ टक्क्याच्या आसपास लोह चालून जाते, रंगहीन बाटल्यांसाठी ते ०.०३ टक्क्यापर्यंत खाली आणावे लागते, आणि सौर पॅनेलच्या काचेला तर ०.०१ टक्का हेही जास्तच वाटते. लोह वाढले की काच हिरवट होते. म्हणूनच काचेला लागणाऱ्या या सिलिका वाळूचा भाव तिच्यात काय नाही यावर ठरतो.

बडोदे संस्थानाला हा कच्चा माल घरातच मिळत होता. सांखेडा आणि मेहसाणा प्रांतातील पेढामली येथील वाळूचा उल्लेख काचधंद्याच्या जुन्या लेखनात येतो. सयाजीराव गायकवाडांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था उभारली, ती रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने. आणि १९०७ साली गज्जर, कोटिभास्कर व भाईलालभाई अमीन यांच्या प्रयत्नांतून अलेंबिक ही औषध कंपनी सुरू झाली. औषध म्हटले की बाटली आलीच, त्यामुळे अलेंबिकचे नाव पुढे काचेशीही जोडले गेले, आणि तिच्या ‘येरा’ या छापाचे पेले घरोघरी पोहोचले. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना आणि ओगलेवाडीचा काच कारखाना ही नावेही त्याच स्वदेशीच्या काळातली.

नुसती वाळू वितळवायला १,७०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते, जी भट्टीला परवडत नाही. सोडा मिसळला की हेच काम सुमारे १,५०० अंशांवर होते, आणि काच पाण्यात विरघळू नये म्हणून चुनखडीही घालावी लागते. गंमत अशी की सोड्याचा मोठा कारखाना १९३९ नंतर मिठापुरात उभा राहिला, तो ओखामंडळही बडोदे संस्थानाचाच भाग होता.

आज गुजरातेतील या वाळूचे एक ठळक क्षेत्र म्हणजे नर्मदेपलीकडचा झगडिया तालुका, विशेषतः राजपारडीचा परिसर. खाणीतून निघालेला ठिसूळ वाळूदगड फोडून, पाण्याने धुऊन, चिकणमाती काढून, गरजेप्रमाणे चुंबकीय यंत्रातून लोहकण वेगळे करून वाळू सुकवली आणि चाळली जाते. २०१५ साली केंद्र सरकारने ३१ खनिजांना गौण खनिजे ठरवले, त्यांत सिलिका वाळूही होती. त्यामुळे तिचे नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे आला.

काचेनंतरचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे फाउंड्री, म्हणजे धातूचे ओतकाम करणारे कारखाने. बेंटोनाइट ही चिकट माती व पाणी मिसळलेल्या वाळूचा साचा वितळलेले लोखंड झेलतो; मात्र ५७३ अंशांना क्वार्ट्झचा, म्हणजे ही वाळू ज्या खनिजाची असते त्याचा, कण एकदम फुगत असल्यामुळे साच्याला तडे जाण्याचा धोका राहतो, आणि कुशल कारागीर कणांचा आकार त्या हिशेबानेच निवडतो. पाणी गाळण्याचे थर, सिरॅमिक, सोडियम सिलिकेट हे तिचे इतर उपयोग.

क्वार्ट्झ दळून त्याची भुकटी केली की मात्र प्रश्न वेगळा होतो, कारण तिची धूळ फुफ्फुसांत बसून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. गोध्राच्या क्वार्ट्झ दळण्याच्या कारखान्यांत झाबुआ-अलिराजपूरकडचे आदिवासी मजूर या रोगाने दगावले; त्यांपैकी २३८ जणांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली गुजरात सरकारला दिला. ओले दळण आणि बंदिस्त यंत्रे हे त्यावरचे उपाय त्याआधीही ठाऊक होते.