स्लीपर केबिनचे उष्णतानिरोधन : मूल्यमापन

लांब पल्ल्याच्या ट्रकमध्ये चालकाच्या आसनामागे झोपण्याची सोय असलेल्या केबिनमधून किती उष्णता आत-बाहेर जाते, हे मोजून तिच्या निरोधनाची प्रत ठरविण्याची पद्धती. अशा केबिनी अमेरिकेत साधारणतः १९२० ते १९४० च्या दरम्यान रूढ झाल्या असाव्यात. तेथे मालवाहू ट्रकचालकाला ११ तासांपर्यंत वाहन चालविण्याची मुभा मिळण्यापूर्वी सलग १० तास विश्रांती घ्यावी लागते. या काळात हीटर वा वातानुकूलनासाठी इंजिन चालू ठेवल्यास ताशी सुमारे ३ लिटर डीझेल जळते. कॅलिफोर्नियाने २००८ पासून स्लीपर ट्रकांनाही, काही अपवाद वगळता, थांबलेल्या स्थितीत इंजिन चालू ठेवण्यावर पाच मिनिटांची मर्यादा घातली. बॅटरीवरील वातानुकूलनाची शक्ती मर्यादित असल्याने निरोधनाला महत्त्व आले.

निरोधक पदार्थाची उष्णतावाहकता व जाडी यांवरून केलेले गणित अपुरे पडते. पॉलियुरेथेन फोमची वाहकता सु. ०·०२५, तर पोलादाची ४५ वॉट प्रतिमीटर-केल्व्हिनच्या आसपास असते; त्यामुळे अस्तराला छेदून जाणाऱ्या धातूच्या पट्ट्यांतून बरीच उष्णता निसटते. काचा आणि दारांच्या फटी यांचा वाटा वेगळाच. म्हणून संपूर्ण केबिनचा उष्णतासंक्रमण गुणांक मोजणे अधिक ग्राह्य वाटते. रात्री, सूर्यप्रारण नसताना, आत विद्युत् तापक ठेवून तापमान स्थिरावू देतात व तापकाच्या शक्तीला आतल्या-बाहेरच्या तापमानांतील फरकाने भागतात. उदा., १,२०० वॉटने २० अंशांचा फरक टिकत असेल, तर गुणांक ६० वॉट प्रतिकेल्व्हिन येतो. उष्णता कोठून गळते हे अवरक्त कॅमेऱ्याने दिसते. नाशवंत मालाच्या वाहतुकीविषयीच्या १९७० च्या जिनीव्हा करारातील गुणांक याच तत्त्वावरचा आहे; मात्र तो पृष्ठफळाने भागलेला असल्याने (शीतवाहनांच्या अधिक निरोधित वर्गात कमाल ०·४० वॉट प्रतिचौरस मीटर-केल्व्हिन) दोहोंची थेट तुलना करू नये.

रात्रीच्या चाचणीत उन्हाचा परिणाम मोजला जात नाही, हा आक्षेप रास्त आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेने (गोल्डन, कोलोरॅडो) ‘कूलकॅब’ प्रकल्पात दिवसाच्या चाचण्याही केल्या व ‘कूलकॅल्क’ ही संगणकीय प्रतिकृती वापरली. उन्हात बाहेरील रंग आणि खिडक्यांचे पडदेही वातानुकूलनावरील भारात फरक पाडतात.

भारतात १ ऑक्टोबर २०२५ पासून उत्पादित, ३·५ टनांहून अधिक एकूण वजनाच्या (एन२ व एन३ वर्ग) ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन अनिवार्य करण्यात आले. त्याची चाचणी आयएस १४६१८ : २०२२ या मानकानुसार होते.